मर्टन कॅसल आणि माझं तोंड

अनयानं आम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं होतं. हे मी आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे 'तुम्हाला बोलावलं कुणी होतं?' हा प्रश्न मध्येच कुणी विचारायला नको. कुणीही बोलावलं नव्हतं. एकदा जेवताना आणि एकदा गाडीत, "बाबा, प्लीज, यू गाइज कॅनॉट कम," असं तिनं चांगलं बजावलं होतं. आणि मी, म्हणजे चारुदत्त, डब्लिन, ओहायो इथला एक अब्रूदार रहिवासी आणि इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरवर पोट भरणारा माणूस, "छे छे, आम्ही कशाला येतोय?" असं वचन देऊन बसलो होतो.

प्रकरण मर्टन कॅसलचं होतं. आमच्या डब्लिनपासून दक्षिणेला दीड तास गाडी हाकली की टेकड्यांमध्ये हा कॅसल लागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी घोडागाड्यांची चाकं विकून गब्बर झालेले एक मिस्टर मर्टन फ्रान्सला हवापालट करायला गेले. तिथे त्यांना रेनेसाँच्या काळातला एक पडीक कॅसल आवडला. आपल्याला परदेशात काही आवडलं तर आपण फ्रिजला लावायचं मॅग्नेट आणतो. मर्टनसाहेबांनी कॅसल आणला. एकेक दगड सुटा केला, त्यावर नंबर घातला, पेट्यांत भरून बोटीनं ओहायोत आणला आणि पुन्हा होता तसा उभा केला. पुढ्यात मूळच्या नकाशाबरहुकूम बागही केली. डावीकडे जे झुडूप तेच उजवीकडे, मध्ये कारंजं, आणि एकही पान स्वतःच्या मर्जीनं वाढलेलं नाही.

हे सगळं मला ठाऊक असायचं कारण म्हणजे जानेवारीपासून आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. सतरा वर्षांची अनया तिथे उन्हाळ्यात गाइड होण्यासाठी ट्रेनिंग घेत होती. सराव घरी चाले. आमचा सोफा हा दरबार हॉल, फ्रिज ही सोळाव्या शतकातली शेकोटी, आणि वरच्या मजल्यावर जाणारा कार्पेटवाला जिना म्हणजे बातिस्ता कोर्सी नावाच्या इटालियन कारागिरानं घडवलेला गोल दगडी जिना. वरणभात कालवताना 'बातिस्ता कोर्सी', दात घासताना 'बातिस्ता कोर्सी'. माझ्या सख्ख्या आजोबांचं नाव मी आयुष्यात इतक्यांदा घेतलेलं नाही.

आता शनिवारी अकरा वाजता तिचा परीक्षेचा टूर होता. तिथल्या मुख्य बाई मिसेस हॅलोवे सोबत चालणार, आणि टूर जमला तरच तिला गाइड म्हणून घेणार. यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण हीच मुलगी पाचवीत असताना वर्गासमोर उभं राहून स्वतःचं नाव सांगायलाही तयार नसे. शाळेतून चिठ्ठी यायची, 'अनया इज अ व्हेरी क्वाएट चाइल्ड.' आमच्या घराण्यात असं कुणी निपजल्याचं ऐकिवात नव्हतं, त्यामुळे आम्ही हबकलो होतो. त्या मुलीनं आपण होऊन ठरवलं होतं, की तासभर अनोळखी माणसांसमोर बोलायचं. "ओळखीच्यांसमोर काय, कोणीही बोलतं," ती म्हणाली. "मला बघायचंय, मला स्ट्रेंजर्ससमोर येतं का." म्हणून आम्ही जायचं नव्हतं. कारण अगदी रास्त होतं, आणि मलाही ते पूर्ण पटलं होतं.

मी कुणालाही सांगितलं नाही. गिरीशला फक्त सांगितलं, आणि तेही त्यानं विचारलं म्हणून. गिरीश मूळचा नागपूरचा, आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष. इंडियन ग्रोसरीत आम्ही दोघं कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होतो. तो म्हणाला, "शनिवारी काय करून राहिला?" मी म्हणालो, "काही नाही." पण हे 'काही नाही' मी अशा आवाजात म्हणालो की कोणताही भला माणूस 'म्हणजे?' असं विचारणारच. त्यानं विचारलं. मग मी त्याला कोथिंबिरीपासून बिलाच्या रांगेपर्यंत बातिस्ता कोर्सीसकट सगळं सांगितलं. "पण कुणाला बोलू नकोस," असंही सांगितलं. हे मी स्पष्ट सांगितल्याचं मला नक्की आठवतं.

मी घरी पोचेपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आपल्या मंडळाच्या कन्येचा कॅसलवर झेंडा' असा मजकूर फुलांच्या चित्रांसह येऊन पडला होता. खाली उन्हाळी सहल या वेळी मर्टन कॅसलला न्यायची सूचना, आणि तिला एकमतानं पाठिंबा. मी गिरीशला तातडीनं फोन केला. अरे, तिनं नको म्हटलंय, असं मी त्याला सांगितलं, पण खरं सांगायचं तर आवाजात म्हणावा तसा जोर आला नाही. इतकी माणसं माझ्या पोरीला ऐकायला दीड तास गाडी चालवणार, या विचारानं छाती फुगून आवाजाला जागाच उरली नव्हती.

"तू काहीच करू नको," गिरीश म्हणाला. "मंडळ बघून घेते ना बाप्पा."

मंडळानं आधी कॅसलच्या ऑफिसला फोन लावला. मोठा ग्रुप असेल तर फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी या, आणि गाइडही आमचा जुना अनुभवी देऊ, असं उत्तर मिळालं. जुना अनुभवी घेऊन मंडळ काय करणार? मग गिरीशनं तोड काढली. ग्रुप म्हणून जायचंच नाही. प्रत्येकानं आपापलं तिकीट ऑनलाइन काढायचं, एकमेकांना ओळख दाखवायची नाही, आणि अनयाला तर मुळीच नाही. एका दुपारात अकराचा टूर भरला.

त्या संध्याकाळी अनया नाचतच घरी आली. "बाबा! माझा टूर सोल्ड आउट! मिसेस हॅलोवे म्हणाल्या, ट्रेनीचा टूर असा कधीच भरत नाही!" तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना. मी "अरे वा" म्हणालो आणि गराजचं दार नीट लागलंय का ते बघायला गेलो. ते लागलेलं होतं. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.

रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, ग्रुपवरून सगळं कळलंच होतं. ती एवढंच म्हणाली, "तू वचन दिलं होतंस." मी म्हणालो, वचन न जाण्याचं होतं, मंडळाला अडवण्याचं नव्हतं, आणि आता मंडळ जाणारच असेल तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला घरचं माणूस नको का? "हवं ना," रेखा म्हणाली. "आणि तुझ्यावर लक्ष ठेवायला पण हवं. मी येतेय."

सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर रवींद्रकाका, ज्यांनी अमेरिकेत तूरडाळ मिळत नव्हती तेव्हापासून इथल्या लोकांची हृदयं दुरुस्त केली, त्यांनी मला वेश पालटायला सांगितलं. त्यांच्या पत्नी रत्नाकाकू म्हणाल्या, "मुलीची एवढी मोठी परीक्षा आणि औक्षण नाही? घरातून निघताना तुम्ही करणार नाही, कारण तुम्हाला चोरून जायचंय. मग मी तिथे करीन." मला वाटलं त्या गमतीनं म्हणताहेत. गिरीशनं तर कमालच केली. पोरीची हुशारी दिसायची तर तिला प्रश्न विचारले गेले पाहिजेत, म्हणून त्यानं माझ्याकडून टूरचा क्रम काढून घेतला आणि प्रत्येक कुटुंबाला एकेक प्रश्न वाटून दिला. नाट्यस्पर्धेला आपल्या माणसांना कुठे टाळ्या वाजवायच्या ते आधी सांगून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

शनिवारी मी हॅट, काळा चष्मा आणि करोनातला उरलेला मास्क लावून कॅसलच्या दारात उभा राहिलो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती, त्यामुळे मला कुणी ओळखण्यापेक्षा मीच कुणाला ओळखणं अवघड झालं होतं. बॅगा तपासणाऱ्या गार्डनं मंडळाकडून थालीपीठं, दहीबुत्ती आणि लसणाची चटणी यांचे डबे गाडीत परत पाठवले. चटणीचा डबा त्यानं उघडून हुंगला आणि जरा मागे सरकला. रत्नाकाकूंच्या पिशवीत पितळी तबक निघालं. "व्हॉट इज धिस, मॅम?" "फॉर ब्लेसिंग," काकू म्हणाल्या. गार्डनं हात जोडून ते परत दिलं.

एकमेकांना न ओळखण्याचं काम आम्हाला पहिल्या मिनिटापासून झेपलं नाही. गिरीशनं पुढे येऊन माझ्याशी हात मिळवला आणि "हाय, आय अ‍ॅम गिरीश. नाइस वेदर," असं म्हटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "चारू, गाडीची काच उघडी आहे रे तुझी!"

आणि अनया आली. पांढरा शर्ट, गळ्यात बिल्ला, बाजूला उंच, करड्या केसांच्या मिसेस हॅलोवे. तिनं हसून समोर बघितलं. रत्नाकाकू, रवींद्रकाका, गिरीश, लहानपणी तिला बालवाडीचं मराठी शिकवणाऱ्या मावश्या, असं एकेक बघत तिची नजर माझ्यावर आली आणि थांबली. हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. एखाद्याला वाटलं असतं, वेश चांगला जमलाय. मला मात्र कळलं, पोरीनं ओळखलं. बाप उभा कसा राहतो हे मुलांना पाठ असतं.

तरी तिनं सुरुवात केली. आवाज आधी थोडा कापला, मग सुधारला. (पुढचं सगळं इंग्रजीत झालं, पण आपण घरचेच आहोत, म्हणून मराठीत सांगतो.) दरबार हॉलच्या फरशीला त्या दिवशी पॉलिश चाललं होतं, म्हणून टूर उलट्या बाजूनं, जिन्यापासून निघाला. ही बातमी प्रश्नांपर्यंत पोचली नाही. बातिस्ता कोर्सीच्या जिन्यावर, वाटून दिलेला पहिला प्रश्न घेऊन मंडळातला आमचा सुमंत पुढे झाला. "ही शेकोटी एवढी मोठी का आहे?"

जिन्यावर शेकोटी नव्हती. मिसेस हॅलोवेंनी वर बघितलं, खाली बघितलं.

"शेकोटी आपण नंतर बघणार आहोत, सर," अनया शांतपणे म्हणाली. "तोवर ती लहान होणार नाही."

मला इतका अभिमान वाटला की मी मास्कच्या आत "वा!" म्हणालो. ते फार मोठ्यानं झालं असावं, कारण मंडळाला वाटलं, दाद द्यायची वेळ आली. तिथून पुढे प्रत्येक वाक्याला मैफिलीत बसल्यासारखे लोक माना डोलावून "वा", "क्या बात है" करू लागले. भिंतीची जाडी सांगितली, वा. छत गळत होतं, क्या बात है. स्वयंपाकघरात एका बाईंनी कारंज्याचं पाणी कुठून येतं ते विचारलं, राणीच्या शयनगृहात गिरीशनं इथे एका वेळी किती बदकं भाजत असत ते विचारलं. मिसेस हॅलोवे कागदावर काहीतरी लिहीत होत्या, आणि प्रत्येक प्रश्नाला त्यांची भुवई जरा वर जात होती. अनया मात्र एकेका प्रश्नाला त्याच्या जागी नेऊन बसवत पुढे चालली होती. तिचे कान लाल झाले होते. ते फक्त रेखाला आणि मला दिसत होते.

बागेत आल्यावर मला वाटलं, सुटलो. ऊन छान पडलं होतं, कापीव झुडपांच्या रांगा, मध्ये कारंजं. अनया सांगत होती, की त्या काळच्या लोकांना वाटे, माणसानं मनावर घेतलं तर निसर्गालाही वळण लावता येतं. नेमक्या त्याच वेळी रत्नाकाकूंनी निरांजन पेटवलं. "थांब बाळ, एक मिनिट," असं अस्सल मराठीत म्हणत त्या तबक घेऊन सरसावल्या, आणि अनयाच्या कपाळाला कुंकू लागलंसुद्धा.

"मॅम! इथे उघडी ज्योत चालत नाही!" मिसेस हॅलोवे धावल्या. काकूंनी ज्योत विझवायचं साफ नाकारलं, कारण औक्षणाचं निरांजन फुंकर मारून विझवत नाहीत. बाईंनी आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं. मग नेमका मलाच त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही आमच्या गाइडला ओळखता का?"

अनया माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो तर परीक्षा गेली. मी नाही म्हणालो तर? मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही," मी म्हणालो. "कधी बघितलंही नाही."  पोटच्या पोरीला मी चारचौघांत परकी म्हटलं होतं, तेसुद्धा तिच्या तोंडावर.

अनयाला दिसू नये म्हणून झुडपाआड थांबलेली रेखा बाहेर आली. "मी तिची आई," ती म्हणाली. "आणि हा खोटं बोलतोय. हा तिचा बाप आहे. बाकी सगळे काका, काकू, मावश्या."

मिसेस हॅलोवे चिडल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्या म्हणाल्या, "हा टूर धरता येणार नाही. तिच्यासाठी सॉरी."  अनया पुन्हा पाचवीत गेल्यासारखी उभी होती. मंडळ खाली माना घालून उभं होतं.  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात माझाच होता.

"दुपारी एकचा टूर आहे," मिसेस हॅलोवे जरा वेळानं म्हणाल्या. "त्यात सगळे बाहेरचे लोक आहेत. हवं तर तो घे. पण एक माणूस कमी पडतोय. नियमाप्रमाणे तेवढी माणसं नसतील तर तो टूर ट्रेनीला देत नाही. तुझ्या लोकांपैकी कुणीतरी एक चालेल. फक्त तोंड उघडायचं नाही."

सगळ्या मंडळाचे हात वर गेले. माझा गेला नाही. मला तोंडच उरलं नव्हतं. अनयानं सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा येईल."

"मी? आईला ने ना."

"आई रडेल. तू फक्त बोलतोस. ते बंद करता येतं. हो ना?"

आमच्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. आयुष्यभर मी याच वचनावर चाललो. त्या दिवशी पहिल्यांदा उलट्या बाजूनं चालायला निघालो. मास्क खिशात घातला, ओठ घट्ट मिटले आणि अनोळखी अमेरिकनांच्या मागे शेवटी उभा राहिलो. मंडळ बाहेर पार्किंगजवळच्या बाकांवर थालीपीठं खात बसलं.

सुरुवात पुन्हा कापऱ्या आवाजात झाली. या वेळी दाद द्यायला कुणी नव्हतं. एक म्हातारं जोडपं, दोन बहिणी, कडेवर पोर घेतलेला एक बाप, सगळे नुसते बघत होते. जिन्यापाशी ती म्हणाली, "हा जिना घडवणारा इटालियन कारागीर होता..." आणि थांबली. नाव गेलं. जानेवारीपासून वरणभातात कालवलेलं नाव, नेमकं तिथे गेलं.  मिसेस हॅलोवेंचं पेन थांबलं. माझ्या जिभेच्या टोकावर बातिस्ता कोर्सी उड्या मारत होता. अनयानं माझ्याकडे बघितलं. मी जीभ दातांखाली धरली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. दोन शब्दांनी तिचं काम झालं असतं, आणि दोन शब्दांनी तिचा टूर पुन्हा माझा झाला असता.

तिनं एक श्वास घेतला. "त्याचं नाव आत्ता माझ्या डोक्यातून गेलंय," ती सरळ म्हणाली. "परत येईल. तोवर त्याचं काम बघा. ही पायरी मध्ये किती झिजलीय बघा. इथे पाय ठेवा." लोकांनी एकेक करून पाय ठेवला. म्हातारीनं ठेवला, त्या बापानं कडेवरच्या पोराला खाली उतरवून त्याचाही ठेवला. मी पण ठेवला. घरी सतरा वेळा ऐकलेला जिना मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. त्यानंतर तिचा आवाज कापला नाही. लोक आपणहून विचारू लागले, योग्य प्रश्न, योग्य खोलीत. एक गोष्ट तिला येत नव्हती तेव्हा ती "मला माहीत नाही, शोधून सांगते" म्हणाली आणि त्या माणसाला ते आवडलं. बागेत झुडपांच्या छाटणीबद्दल सांगता सांगता ती मध्येच ओरडली, "बातिस्ता कोर्सी!" सगळे हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात खिशात घट्ट धरून ठेवले, कारण टाळ्या वाजवणं बोलण्यात येतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"ग्रेट किड," शेजारचा म्हातारा मला हळूच म्हणाला. "कुणाची आहे कोण जाणे." देव माझी परीक्षा बघत होता. मी नुसती मान हलवली. एवढा अभिमान एवढ्या गुपचूप सोसायची सवय नसल्यामुळे माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण म्हाताऱ्यानं मला खिशातली खोकल्याची चघळायची गोळी काढून दिली.

कारंज्यापाशी टूर संपला. मिसेस हॅलोवेंनी कागद मिटला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी दहाला ये. बिल्ल्यावर नाव घालून ठेवते." लोक निघणार, तेवढ्यात अनयानं हात वर केला.

"एक मिनिट. एक ऐतिहासिक गोष्ट दाखवायची राहिली. ती माहितीपत्रकात नाही." तिनं माझ्याकडे बोट केलं. "हे शेवटी उभे असलेले गृहस्थ गेला तासभर एक शब्दही बोललेले नाहीत. हा कॅसल पाचशे वर्षांचा आहे, पण असं इथे आजवर कधी झालेलं नाही. दॅट्स माय डॅड."

लोक खो खो हसले. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. अनया कारंज्याला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि त्या सगळ्या परक्या माणसांसमोर, खणखणीत मराठीत म्हणाली, "बोल बाबा, आता बोल."

मी तोंड उघडलं. एक शब्द फुटेल तर शपथ.